मासे व भाजी एकाच पाण्यावर : वाढविण्यापूर्वीं करावयाचा हिशेब

वाचन : यहेज्केल ४७:१-१२, लूक १४:२८-३०, १ करिंथ १२:१४-२६.



यहेज्केल संदेष्ट्यास झालेलें मंदिरांतील पाण्याचें दर्शन आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. उंबरठ्याखालून निघालेला बारीकसा ओहळ पुढें मोठी नदी होतो, तिच्यांत मासे विपुल होतात आणि तिच्या दोहों तीरांवर फळझाडें उभीं राहतात. मासा व झाड हीं दोन्हीं एकाच पाण्यावर जगतात, हें चित्र आम्हांस फार प्रिय होतें. परंतु त्याच अध्यायांत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आमचें लक्ष गेलें नव्हतें. तें पाणी मापलें जातें. आधीं घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कंबरेपर्यंत, आणि शेवटीं पोहल्यावांचून ओलांडतां येणार नाहीं इतकें. देवाच्या नदीची वाढ देखील पायरीपायरीनें दाखविली आहे. हा धडा आम्ही पुस्तकांतून नव्हे, तर आपल्या अंगणांत नुकसान सोसून शिकलों. तो आज आपणांपुढें ठेवितों.

नागपुराच्या उत्तरेस असलेल्या कोराडी गांवीं १९७४ सालापासून औष्णिक वीज तयार होत आहे. तेथील धुराडीं दुरून दिसतात. आसपासच्या वस्त्यांत आपलीं कित्येक कुटुंबें राहतात. त्यांस घर आहे, अंगण आहे, पण शेत नाहीं. अशा घरीं एका टाकींत मासे पाळावे, त्याच पाण्यावर शेजारच्या वाफ्यांत पालक, मेथी व सांबार लावावा, आणि तें पाणी फिरून टाकींत यावें, अशी ही योजना आहे.

१. हें काम चालतें कसें

मासा खातो व मळ टाकतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया नांवाचें द्रव्य पाण्यांत उतरतें. तें साचलें तर माशांसच विष होतें. परंतु देवानें सृष्टींत कांहींच वायां जाऊं नये अशी व्यवस्था केली आहे. डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जंतु खडीच्या अंगास चिकटून राहतात. त्यांतील एक जात अमोनियाचें नायट्राइट करिते. हेंहि माशांस घातकच आहे. दुसरी जात त्या नायट्राइटाचें नायट्रेट करिते. हें नायट्रेट माशांस फारसें बाधत नाहीं आणि झाडांस तर तें अन्नच होय. झाडें तें घेतात व पाणी निवळून टाकींत परत येतें.

म्हणजे येथें मासा, झाड व जंतु असे तीन अवयव आहेत. मासा दिसतो, झाड दिसतें, जंतु मात्र दिसत नाहीं. पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहिलें तें येथें अक्षरशः खरें ठरतें : जो अवयव दुर्बळ वाटतो, त्यावांचून शरीराचें चालत नाहीं.

२. ही रीत अगदीं नवी नाहीं

आपल्या पूर्व विदर्भांत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत जुनीं मालगुजारी तळीं आहेत. त्यांतील पुष्कळ कोहळी लोकांच्या कसबानें बांधलेलीं आहेत. त्यांचें पाणी भाताच्या बांध्यांस जातें व त्यांतील मासे ढिवर लोक धरितात. एका पाण्यानें दोन अन्नें, ही कल्पना त्या तळ्यांच्या कांठच्या मनुष्यास समजावून सांगावी लागत नाहीं. चीन देशांत चिंगत्येन येथें भातखाचरांतच मासे वाढविण्याची रीत हजार वर्षांहून जुनी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २००५ सालीं तिची गणना शेतीच्या जागतिक वारशांत केली. टाकी, वाफा व पंप यांची आजची जोड मात्र अलीकडची आहे. १९८० नंतरच्या वर्षांत अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांवरील विद्यापीठांत जेम्स रॅकोसी यांनीं तिचे प्रयोग पुष्कळ वर्षें केले. पुढें २०१४ सालीं अन्न व शेती संघटनेनें लहान प्रमाणावर हें काम करणारांसाठीं मापें प्रसिद्ध केलीं. खालीं दिलेले मुख्य आंकडे त्यांस अनुसरून आहेत.

अशीं कामें मंडळीनें करावीं काय, असें कोणी विचारील. सॅम हिगिनबॉटम या मिशनरी गृहस्थांनीं १९१० सालीं अलाहाबादेजवळ शेतकीचें विद्यालय काढलें, तेव्हांहि हा प्रश्न निघाला असेल. आमचें उत्तर इतकेंच कीं, उपाशी घरीं वचन सांगणाऱ्या उपदेशकास भाकरीचाहि विचार करावा लागतो.

३. आमची चूक

पहिल्या वर्षीं आमच्याजवळ पांचशें लिटरची एक टाकी, एक चौरस मीटरचा खडीचा एक वाफा आणि वीस सायप्रिनस मासे होते. सर्व सुरळीत चाललें. भाजी घरीं पुरून शेजारीं देतां येई. हें पाहून मंडळींतील भगिनींनीं आपल्या बचतीची कांहीं रक्कम आमच्या स्वाधीन केली आणि म्हटलें, "पाळकसाहेब, हें मोठें करा. आमच्याहि पोरांना त्यांतून मासा मिळूं द्या."

आम्हीं हजार लिटरची टाकी आणली आणि त्याच आठवड्यांत शंभर बोटुकली सोडली. वाफे मागाहून बांधूं, असें ठरविलें. येथेंच चूक झाली. वीस माशांच्या मळास पुरणाऱ्या एका वाफ्यावर एकशें वीस माशांचें ओझें पडलें. एप्रिलचा शेवट होता. मासे भराभर वाढावे म्हणून आम्ही खाद्यहि अधिक घालीत होतों. आठ दिवसांत मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडूं लागले. आम्हीं तें भुकेचें चिन्ह समजून आणखी खाद्य घातलें! पुढें एका रात्रीं आमच्या घरचा फ्यूज उडाला व पंप बंद पडला. सकाळीं टाकींत सत्तरावर मासे पालथे पडलेले होते.

विजेच्या धुराड्यांच्या सावलींत राहून विजेवांचून मासे मेले, असें कोणी थट्टेनें म्हटलें. परंतु आम्हांस ठाऊक होतें कीं, फ्यूज हें निमित्त होतें. टाकी आधींच मरणाच्या काठावर होती व तिला तेथें आम्हीं नेलें होतें. पैसा आमचा नव्हता. धुणीं धुऊन व वीटभट्टीवर राबून जमविलेला तो पैसा होता. रविवारीं उपासना संपल्यावर आम्हीं सर्व हकीकत मंडळीपुढें सांगितली आणि चार महिन्यांत ती रक्कम भरून दिली. त्या दिवशीं लूकाच्या चवदाव्या अध्यायांतील बुरूज बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आमच्याकडून मोठ्यानें वाचवला नाहीं. बांधावयास बसण्यापूर्वीं खर्चाचा हिशेब करावा, हा उपदेश आम्हीं कितीदां तरी दुसऱ्यांस केला होता.

४. वाढविण्याचा खरा क्रम

पावसाळा संपल्यावर त्याच भगिनींनीं पुन्हां विचारलें. या वेळीं आम्हीं आधीं हिशेब मांडला. तो असा :

(अ) आधीं वाफा, मग मासा. पालेभाजीच्या एका चौरस मीटर वाफ्यास दररोज ४० ते ५० ग्रॅम माशांचें खाद्य पुरतें व तितक्याच खाद्याचा मळ तो वाफा पचवितो. वांगीं, टोमॅटो, मिरची अशा फळभाज्यांस ५० ते ८० ग्रॅम लागतें. तीन चौरस मीटर पालेभाजी लावावयाची तर रोज १२० ते १५० ग्रॅम खाद्य झालें. सव्वाशें ग्रॅम वजनाचा मासा रोज आपल्या वजनाच्या शेंकडा दोन इतकें खातो असें धरिलें, तर सहा ते साडेसात किलो, म्हणजे पन्नास ते साठ मासे पुरेत. हजार लिटर पाण्यांत वीस किलोंहून अधिक वजनाचे मासे लहान कामांत केव्हांहि ठेवूं नयेत. मासे वाढतात, हें विसरूं नये. आजचे सहा किलो कांहीं महिन्यांनीं बारा होतात. आपण पाळावयाची संख्या टाकीच्या आकारावरून नव्हे, तर वाफ्याच्या आकारावरून ठरवावी.

(आ) जंतूंस वेळ द्यावा. कोऱ्या खडींत जंतु नसतात. ते स्थिर होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या वाफ्यांतील दोन-तीन पाट्या खडी नव्या वाफ्यांत मिसळली म्हणजे काम लवकर होतें. खमिराच्या योगानें नवें पीठ फुगतें तसेंच हें आहे. त्या काळांत खाद्य थोडें थोडें वाढवावें. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचा संच मत्स्यपालनाच्या साहित्याच्या दुकानांत मिळतो. दोहोंचें माप शून्याजवळ येईपर्यंत नवे मासे सोडूं नयेत.

(इ) खडी पारखून घ्यावी. १८४५ सालीं नागपुरास आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे वचन सांगत फिरतां फिरतां या प्रांताचे दगडहि पारखीत; भूगर्भशास्त्रांत त्यांचें नांव आजहि घेतलें जातें. आम्हांसहि येथें थोडी दगडाची पारख लागते. काळ्या दगडाची गिट्टी चांगली. चुनखडी नको, ती पाण्यांत विरघळून पाण्याचा सामू वाढविते. दगडावर लिंबाचा रस किंवा सिरका टाकावा. बुडबुडे आले तर तो दगड घेऊं नये. गिट्टी धुवून, सुमारें ३० सेंटिमीटर थर द्यावा. अशा एका चौरस मीटर वाफ्याचें ओलें वजन पांचशें किलोंहून अधिक भरतें. म्हणून तो कौलारू छपरावर अथवा हलक्या लांकडी घडवंचीवर कधींहि ठेवूं नये. खालीं मुलें खेळत असतात.

(ई) पाण्याची पातळी मोजावी. वाफे वाढविणाऱ्यांची ही नेहमींची फसगत आहे. खडीच्या फटींत तिच्या घनफळाच्या सुमारें शेंकडा चाळीस इतकें पाणी मावतें. तीन चौरस मीटरचे वाफे २५ सेंटिमीटरपर्यंत एकदम भरले तर जवळ जवळ ३०० लिटर पाणी टाकींतून निघून जातें. हजार लिटरांतून तीनशें गेले म्हणजे मासे दाटीवाटीनें राहतात. याला उपाय दोन. वाफे एकामागून एक भरावे. किंवा सर्वांत खालीं चारपांचशें लिटरची वेगळी टाकी ठेवून पंप तींत बसवावा. या दुसऱ्या रीतींत माशांच्या टाकीची पातळी कायम राहते आणि कमीजास्तपणा खालच्या टाकींत होतो. आम्हीं दुसरी रीत घेतली आहे.

(उ) पंप उंचीचा विचार करून घ्यावा. टाकींतील सर्व पाणी तासांतून एकदां फिरावें. पंपावर लिहिलेला आंकडा जमिनीच्या पातळीचा असतो; पाणी जसें वर चढवावें तसा तो उतरतो. घरीं आणल्यावर बादली व घड्याळ घेऊन स्वतः मोजावें.

(ऊ) श्वासाची तजवीज दुहेरी असावी. गरम पाण्यांत प्राणवायु कमी मावतो : वीस अंश उष्णतेच्या लिटरभर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम, पस्तीस अंशांच्या पाण्यांत सुमारें ७. माशांस ५ हून अधिक हवा. नागपुराकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, म्हणून उन्हाळ्यांत आपल्याजवळ शिल्लक फार थोडी असते. टाकी अर्धी जमिनींत पुरावी, वर हिरवी जाळी किंवा तट्ट्या घालावा, आणि बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप तयार ठेवावा. तो नसेल तर घरांतील मनुष्यांनीं पाळीपाळीनें लोट्यानें पाणी उंचावरून टाकींत ओतावें. मासे वर येऊन तोंड उघडूं लागले तर खाद्य ताबडतोब बंद करावें. तें भुकेचें नव्हे, गुदमरण्याचें चिन्ह आहे.

(ए) पाण्याचा सामू सातच्या आसपास असावा. विहिरीचें व बोअरचें जड पाणी आठाच्या वर राहतें. सातावरून आठावर गेल्यास त्याच अमोनियाचें विष जवळ जवळ दसपट होतें, आणि झाडांस लोह मिळेनासें होऊन कोंवळीं पानें पिवळीं व शिरा हिरव्या दिसतात. पावसाचें पाणी मिसळल्यानें यांत सुधारणा होते. नळाचें पाणी एकदोन दिवस उघडें ठेवून मगच घालावें. त्यांतील क्लोरीन मासे व जंतु दोहोंसहि मारतें. वाफ्यावर कीटकनाशक मारूं नये. निंबाचें तेल देखील पाण्यांत पडतां कामा नये. किडे हातानें वेंचावे.

५. कोराडीच्या पाण्याविषयीं विशेष सूचना

कोळशाच्या राखेंत आर्सेनिक, पारा, शिसें अशा विषारी धातूंचे अंश असतात. जुलै २०२२ मध्यें अतिवृष्टीच्या दिवसांत खसाळा येथील राखेच्या तळ्याचा बांध फुटून राखमिश्रित पाणी शेतांत व नाल्यांत पसरलें, हें आपणांस स्मरत असेल. टाकींत पाणी फिरून फिरून तेंच राहतें. त्यांत शिरलेलें जड द्रव्य सहजासहजीं बाहेर जात नाहीं, आणि पाऱ्यासारखें विष माशाच्या अंगांत सांठतें. म्हणून राखेच्या तळ्याजवळील नाल्याचें पाणी किंवा तेथील मासे टाकींत घालूं नयेत, व राख वाफ्यांत मिसळूं नये. छपरावरील पावसाचें पाणी धरावयाचें तर पहिल्या दोनतीन पावसांचें वाहूं द्यावें, म्हणजे बसलेली धूळ निघून जाईल. विहिरीचें पाणी एकदां तपासून घ्यावें.

माशांच्या जातींविषयींहि सांभाळावें. थायी मांगूर पाळण्यास सरकारची बंदी आहे, आणि तिलापियास परवानगी लागते. सायप्रिनस घरच्या टाकींत निभावतो. शंका असल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयांत, अथवा नागपूर येथील मत्स्य महाविद्यालयांत विचारावें.

६. कोणीं हें काम वाढवूं नये

ज्या बंधूस यासाठीं कर्ज काढावें लागतें त्यानें करूं नये. हें काम घरच्या ताटासाठीं आहे. यानें सावकार फिटत नाहीं. खाद्य विकत घ्यावें लागतें, वीज लागते, आणि रोज सकाळ-संध्याकाळ कोणी तरी घरीं असावें लागतें. हंगामांत सर्व कुटुंब कामासाठीं परगांवीं जाणार असेल तर टाकी लहानच ठेवावी.

ज्यांच्या येथें विजेचा भरंवसा नाहीं त्यांनीं सोपी रीत धरावी : लहान हौद करावा, त्यांत थोडे मासे सोडावे, आणि रोज दोन-चार बादल्या पाणी काढून परसांतील वांग्यामिरच्यांच्या आळ्यांत घालावें व तितकेंच ताजें पाणी हौदांत भरावें. यांत पंप नाहीं, खडी नाहीं. मासा व भाजी दोन्हीं मात्र आहेत. ही रीत कमी प्रतीची समजूं नये.

७. शेवटचा बोध

आमचे तीन वाफे आज भरलेले आहेत. पन्नास मासे सोडले होते. दोन उन्हाळे गेले, एकदां रात्रभर वीज नव्हती, तेव्हां भगिनींनीं आळीपाळीनें लोट्यानें पाणी ओतून ते वांचविले. नाताळांत पांच घरीं मासा शिजला. हें फार मोठें यश नव्हे, पण तें मापून झालेलें आहे.

आपल्या मंडळ्यांतहि आम्ही हीच चूक करीत असतों. नांवें वाढवावीं अशी उतावीळ असते. त्या नव्या मनुष्यांस शिकविणारे, त्यांचें ओझें वाहणारे, त्यांच्या घरीं जाणारे किती आहेत हें कोणी मोजीत नाहीं. मग उष्ण दिवस येतात आणि एका रात्रींत पुष्कळ जण दिसेनासे होतात. उपदेशक बंधूंनो, बाप्तिस्म्यांचा आंकडा लिहिण्यापूर्वीं वाफा तयार आहे काय तें पाहावें. जें काम दिसत नाहीं, प्रार्थना, भेटी, दर आठवड्याचा धडा, त्यानेंच मंडळीचें पाणी निवळ राहतें.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

(१) यहेज्केलच्या दर्शनांत पाणी किती वेळां मापलें, व प्रत्येक वेळीं तें कोठवर आलें? (२) मासा, झाड व जंतु यांपैकीं एक काढला तर बाकीच्या दोहोंचें काय होईल? (३) दोन चौरस मीटर पालेभाजीस रोज किती खाद्य पुरेल? त्यावर सव्वाशें ग्रॅमचे किती मासे राहतील? (४) दुसऱ्यांनीं विश्वासानें दिलेला पैसा आपल्या हातून गमावला तर ख्रिस्ती मनुष्यानें काय करावें? (५) आपल्या मंडळींत न दिसणारें काम कोण करितो? या आठवड्यांत त्याचे आभार मानावे.

प्रार्थनेचा विषय : राखेनें ज्यांचीं शेतें व विहिरी बिघडल्या त्यांच्यासाठीं, आणि थोडें सोंपविलें असतां त्यांत विश्वासू राहण्याची कृपा आपणां सर्वांस मिळावी म्हणून.